मिशेल गोंद्री यांच्या म्युझिक व्हिडिओंत युक्तीपलीकडे काय आहे?

सड्यावरून (रत्नागिरी)

नमस्कार. आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी चित्रपट आणि दृश्यकला यांवर एक बैठक होते. पुढच्या बैठकीत मिशेल गोंद्री या फ्रेंच दिग्दर्शकाच्या म्युझिक व्हिडिओंवर दीड तास बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ऐकायला महाविद्यालयातली मुले असतील आणि काही निवृत्त शिक्षकही असतील. नुसते व्हिडिओ दाखवून "पाहा, किती कल्पक आहे" असे म्हणून मला थांबायचे नाही, म्हणून हा प्रश्न विचारतो आहे.

गेले दोन महिने त्यांचे वीसेक व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिले आणि एका वहीत प्रत्येकाची नोंद केली. वहीत तीन रकाने आखले होते. पहिल्यात युक्ती, दुसऱ्यात वस्तू आणि रंग, तिसऱ्यात आशय. पहिला रकाना भरभरून वाहतो आहे. 'फेल इन लव्ह विथ अ गर्ल' (२००२) हा व्हिडिओ लेगोच्या ठोकळ्यांतून, एकेक चौकट रचून उभा केला आहे. 'शुगर वॉटर' (१९९६) मध्ये पडदा उभा दुभागलेला आहे आणि एका बाजूची गोष्ट सरळ, तर दुसऱ्या बाजूची उलट चालते. 'लूकस विथ द लिड ऑफ' (१९९४) हा कृष्णधवल व्हिडिओ एकाच सलग शॉटमध्ये उरकलेला आहे. तिसरा रकाना मात्र जवळजवळ कोरा आहे. 'स्वप्न', 'बालपण', 'आठवण' असे सुटे शब्द मी तिथे लिहिले, पण ते कोणत्याही कवीच्या नावापुढे लिहिता येतील इतके ढोबळ आहेत, आणि युक्तीशी त्यांचे नाते मला सांगता येत नाही.

सगळ्यात अडलो आहे तो 'स्टार गिटार' (२००२) पाशी. केमिकल ब्रदर्स या जोडीच्या या गाण्याच्या व्हिडिओत आगगाडीच्या खिडकीतून बाहेर दिसणाऱ्या दृश्याखेरीज दुसरे काहीही नाही. पहिला मिनिटभर तर साधे प्रवासाचे चित्रण पाहतो आहोत असेच वाटते. मग हळूहळू लक्षात येते की, प्रत्येक खांब, प्रत्येक शेड, रुळावरचा प्रत्येक डबा हा गाण्यातल्या कोणत्या ना कोणत्या आवाजाच्या नेमक्या जागेवर येतो आणि तो आवाज परत आला की तीच इमारत परत येते.

नोकरीमुळे मी दर पंधरवड्याला रत्नागिरीहून कुडाळला कोकण रेल्वेने जातो. कानात गाणे लावून खिडकीशी बसले की मन आपोआप बाहेरचे खांब ठेक्याशी जुळवू पाहते. विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाल्यापासून खिडकीसमोर एकसारख्या अंतरावर खांब येत राहतात, त्यामुळे चारसहा मात्रा जुळतातही. मग पानवलचा ६४ मीटर उंचीचा पूल येतो, खाली एकदम पोकळी पसरते, पुढे बोगदा येतो, अंधारात स्वतःचाच चेहरा दिसतो आणि सगळी गणती मोडते. 'स्टार गिटार'मध्ये ती गणती मोडत नाही. मला जे अपुरे वाटते ते या माणसाने पुरे करून ठेवले आहे, एवढे कळते. पण याला शैली म्हणायचे की आशय? एखाद्या दिग्दर्शकाच्या दृश्यशैलीचा आणि त्याच्याकडे वारंवार येणाऱ्या विषयांचा अभ्यास करताना या दोन गोष्टी वेगळ्या कशा काढायच्या? आपल्यापैकी ज्यांनी असा अभ्यास केला असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मृदंगमणी (कुडाळ)

आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. मी चित्रपटांचा अभ्यासक नाही. गेली बावीस वर्षे भजनात मृदंग वाजवतो, डबलबारीला साथ करतो, आणि गोंद्री यांचे व्हिडिओ त्या कानांनी पाहतो. आपल्या वहीतला पहिला रकाना आणि तिसरा रकाना या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, असे माझे मत आहे. ते का, हे सांगतो.

गोंद्री दिग्दर्शक होण्याआधी वादक होते, ही गोष्ट त्यांच्याविषयी लिहिताना पहिल्या ओळीत यायला हवी. 'वी वी' नावाच्या फ्रेंच बँडमध्ये ते ड्रम वाजवत आणि त्यांनी पहिले व्हिडिओ केले तेही त्याच बँडसाठी. ते पाहूनच ब्योर्क या गायिकेने त्यांना बोलावले आणि १९९३ मध्ये 'ह्युमन बिहेवियर' झाला. घरातच वाद्याचा वारसा होता. त्यांचे आजोबा कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ मध्ये क्लॅव्हिओलिन हे विजेवर चालणारे वाद्य बनवले. हे वाद्य आपल्याला परके नाही. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली जी बीन आपण ऐकत मोठे झालो, ती कल्याणजींनी याच क्लॅव्हिओलिनवर वाजवली होती. बैठकीतल्या निवृत्त शिक्षकांना हे नक्की सांगा, त्यांना हा माणूस लगेच जवळचा वाटेल.

आता ताल. 'अराउंड द वर्ल्ड' (१९९७) पाहताना मी दर वेळी एकाच समूहाकडे पाहतो. गोल मंचावर नर्तकांचे पाच समूह आहेत आणि प्रत्येक समूहाला एकेक आवाज वाटून दिलेला आहे. यंत्रमानव म्हणजे तो यांत्रिक गळा, पायऱ्या चढणारे-उतरणारे उंच खेळाडू म्हणजे बास गिटार, पोहण्याच्या पोशाखातल्या मुली म्हणजे वरच्या पट्टीतला कीबोर्ड, सांगाडे म्हणजे गिटार आणि ममी म्हणजे ड्रम मशीन. बासचे सूर वर जातात तेव्हा खेळाडू पायऱ्या चढतात, खाली येतात तेव्हा उतरतात. ऐकू येणारी गोष्ट डोळ्यांपुढे मांडायची, पण तिची उपमा द्यायची नाही, तिची मोजणी दाखवायची, असा हा व्यवहार आहे. आपल्याकडच्या जाखडीत गायक-वादक मध्ये बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. वादकाचा हात आणि नाचणाऱ्याचा पाय यांच्यात मध्ये कोणी नसते, बोल वाजला की पाऊल पडते. तिथे पाय मृदंगाचा अर्थ सांगत बसत नाहीत, ते मृदंगच असतात. मला 'अराउंड द वर्ल्ड' पहिल्यांदा कळला तो जाखडीमुळे.

पण खरा मुद्दा पुढे आहे. 'द हार्डेस्ट बटन टू बटन' (२००३) मध्ये व्हाइट स्ट्राइप्स या बँडची ड्रमवादिका प्रत्येक ठोक्याला एक पाऊल पुढच्या जागी दिसते आणि प्रत्येक जागी नवा ड्रमसेट असतो. त्यासाठी एकसारखे ३२ ड्रमसेट वापरले होते. रस्त्यावर, पुलावर, फलाटावर ठोक्यांची ओळ लागते. ठोका वाजून गेला, तरी तो वाजवणारे वाद्य तिथेच उभे आहे. 'कम इन्टू माय वर्ल्ड' (२००२) मध्ये कायली मिनोग ही गायिका पॅरिसजवळच्या एका चौकात फेरी मारून मूळ जागी येते, आणि आली की दुसरी कायली निघते, पण पहिली काही जात नाही. चौथ्या फेरीला चार जणी त्याच रस्त्यावर आहेत, आणि आजूबाजूची माणसेही तितक्याच पटीने वाढलेली आहेत.

ताल वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक खंत असते. गवयाचा सूर रेंगाळतो, आमचा बोल मात्र उमटतो न उमटतो तोच विरतो. रात्रभर वाजवा, पहाटे हातात काही उरत नाही. मला गोंद्री यांच्या या व्हिडिओंत हीच इच्छा दिसते: विरलेला ठोका वस्तू होऊन मागे राहावा, आवर्तन संपल्यावर समेवर परत यावे, पण रिकाम्या हाताने येऊ नये. ही युक्ती आहे, शैली आहे आणि आशयही आहे. आपण जो 'आठवण' हा शब्द लिहिला आहे, तो या अर्थाने लिहा. मग तो कोणाच्याही नावापुढे लावता येणार नाही.

'स्टार गिटार'साठी त्यांनी सगळ्या गाण्याचा आराखडा आधी आलेखाच्या कागदावर मांडला होता, आणि संत्री, काटे-चमचे, कॅसेटी, पुस्तके, पेले आणि बूट मांडून रचना करून पाहिली होती. आम्ही नव्या मुलांना ठेका शिकवताना जमिनीवर सुपाऱ्या मांडतो, त्यातलाच हा प्रकार. तुम्ही बैठकीत मुलांना एकदा तरी हे करायला लावा.

पडवी (दापोली)

वरचा प्रतिसाद अतिशय मनापासून लिहिलेला आहे, आणि 'विरलेला ठोका मागे राहावा' ही कल्पना मी विसरणार नाही. तरीही काही गोष्टींना हरकत घेते, कारण एक सुंदर किल्ली हाती लागली की आपण सगळी कुलपे तिनेच उघडायला जातो. मी साहित्य शिकवते आणि हा मोह मला रोज होतो.

पहिली हरकत अशी की, 'अराउंड द वर्ल्ड'मध्ये काहीच मागे राहत नाही. पाच समूह फिरतात, फिरतच राहतात आणि गाणे संपते तेव्हा मंचावर सुरुवातीइतकेच सारे असते. म्हणजे मोजणी दाखवणे आणि मोजलेले साठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली त्यांच्याकडे जवळजवळ सगळीकडे सापडेल, दुसरी काही ठिकाणीच. बैठकीत या दोन्ही एकच म्हणून मांडल्या तर एखादी चलाख विद्यार्थिनी हेच उदाहरण पुढे करील.

दुसरी हरकत अधिक महत्त्वाची वाटते. ब्योर्कच्या गाण्यांत तेवढ्याच सुरावटीचे न संपणारे लूप नसते, तिथे गोष्टीला जागा असते. 'बॅचलरेट' (१९९७) आठवा. जंगलात एक कोरे पुस्तक सापडते, ते स्वतःच स्वतःला लिहू लागते, ती शहरात येते, पुस्तक छापले जाते, त्यावर नाटक बसते, नाटकात तीच गोष्ट पुन्हा घडते, त्या नाटकातल्या रंगमंचावर आणखी एक रंगमंच उभा राहतो आणि प्रत्येक पायरीला नेपथ्य अधिकाधिक कामचलाऊ, अधिकाधिक पुठ्ठ्याचे होत जाते. शेवटी झाडेझुडपे सगळे गिळून टाकतात. आवर्तन इथेही आहे, पण प्रत्येक आवर्तनात भर पडण्याऐवजी काहीतरी झिजते. सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगताना तिच्यातले काहीतरी गळून पडते, हा अनुभव कायलीच्या चौकातल्या अनुभवाच्या नेमका उलटा आहे.

आणि जिथे आठवण हाच उघड विषय आहे तिथे तर हे दोन्ही एकत्र येतात. 'डेड लीव्ह्ज अँड द डर्टी ग्राउंड' (२००२) मध्ये नायक घरी परततो, घराची नासधूस झालेली असते, आणि त्याच भिंतींवर, त्याच दारांत गेल्या दिवसांची दृश्ये प्रक्षेपित होतात. आजची खोली आणि कालची माणसे एकाच चौकटीत येतात, पण त्यांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. दोन वर्षांनी आलेल्या 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड' (२००४) या चित्रपटात आठवणी पुसून देणारा एक दवाखाना आहे आणि पुसण्याचे काम अर्ध्यावर आले असता नायकाला त्या हव्याशा वाटू लागतात. या चित्रपटाच्या मूळ पटकथेचे ऑस्कर गोंद्री, चार्ली कॉफमन आणि पिएर बिस्मुथ यांना विभागून मिळाले. बॅचलरेटमधले झिजणे आणि कायलीच्या चौकातले साचणे ही एकाच माणसाच्या मनातली दोन टोके आहेत असे धरून पाहिले, तर 'आठवण' या शब्दात ताण येतो. नुसती 'आठवणींची ओढ' म्हटली की तो सपाट होतो.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधते. पुठ्ठा, लोकर, लेगो, कापूस यांचा वापर 'बालसुलभ' म्हणून सोडून देऊ नये. आपल्या दशावतारात एका बाकड्यावर राजसभा भरते, तेच बाकडे पुढच्या प्रवेशात पर्वत होते, आणि मागे एक पडदा पुरतो. प्रेक्षकाला बाकडे दिसत असते. ते दिसते म्हणून राजसभा खोटी ठरत नाही, उलट ती उभी करण्यात आपलाही हात लागला असे वाटते. 'लेट फॉरएव्हर बी' (१९९९) मध्ये स्वस्तातल्या व्हिडिओ इफेक्टने एका मुलीच्या अनेक प्रतिमा होतात आणि पुढच्याच क्षणी तोच इफेक्ट खऱ्या नर्तकींनी, खऱ्या नेपथ्यात, अंगाने करून दाखवलेला असतो. यंत्राने केलेली जादू माणसांनी पुन्हा करून दाखवायची, ही त्यांची सगळ्यात ठाम भूमिका आहे असे मी म्हणेन. स्वप्नांचेही तसेच. 'एव्हरलाँग' (१९९७) मधला प्रचंड फुगलेला हात 'द सायन्स ऑफ स्लीप' (२००६) या चित्रपटात पुन्हा येतो, आणि दोन्हीकडे तो बनवलेला हात आहे हे लपवलेले नाही.

सड्यावरून (रत्नागिरी)

दोघांचेही मनापासून आभार. साचणे आणि झिजणे हे दोन शब्द तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर लिहिले, आणि त्यानंतर काल रात्री 'शुगर वॉटर' पुन्हा पाहिला. दुभागलेल्या पडद्याच्या दोन्ही बाजू मध्यावर एकमेकींना भेटतात आणि मग जागा बदलतात, म्हणजे जे एका बाजूला घडून गेले ते दुसऱ्या बाजूला अजून घडायचे आहे. हे साचणे नाही आणि झिजणेही नाही. इथे मला पुन्हा अडल्यासारखे झाले आहे. शिवाय एक व्यावहारिक प्रश्न आहे: असे व्हिडिओ नेमके कसे पाहायचे, म्हणजे नोंदी कशा करायच्या, याची काही पद्धत कोणी सांगू शकेल का? मी नुसता पाहत बसतो आणि प्रत्येक वेळी गाण्यात वाहून जातो.

भरती-ओहोटी (मालवण)

मी लग्नाचे आणि कार्यक्रमांचे व्हिडिओ चित्रित करतो, संकलन करतो. पद्धतीविषयी मला जे ठाऊक आहे ते मी स्वतः एकदा फसलो त्यातून शिकलो, म्हणून आधी ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या भजन मंडळाने गणपतीत प्रसिद्ध करण्यासाठी एक गजर ध्वनिमुद्रित केला. त्याचा व्हिडिओ मी 'द हार्डेस्ट बटन टू बटन' मनात ठेवून करायचे ठरवले. किनाऱ्यावर ओल्या वाळूत प्रत्येक मात्रेला एक मृदंग पुढे पुढे दिसत जावा, अशी कल्पना होती. आमच्याकडे मृदंग दोनच होते, त्यामुळे तिवईवर कॅमेरा पक्का करून, मृदंग एकेक पाऊल सरकवून, प्रत्येक जागेचे छायाचित्र घ्यायचे आणि नंतर सगळी एकत्र जोडायची, असे ठरले. वैशाखातला दिवस होता, सकाळी सातला सुरुवात केली. चोवीस जागा घ्यायला पाऊण तास लागला. घरी येऊन जोडले तेव्हा दिसले की, पहिल्या मृदंगापाशी कोरडी वाळू आहे आणि चोविसाव्यापाशी पाणी. सावल्याही एकेक बोट सरकलेल्या. आम्ही अमावस्येला गेलो होतो, उधाणाची भरती होती, पाणी झपाट्याने चढत होते, आणि हे माझ्यासारख्या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाने आधी पाहायला हवे होते. दुसऱ्यांदा अष्टमी पाहून, भांगाच्या (कमी चढउताराच्या) पाण्यात, सकाळी लवकर गेलो आणि अर्ध्या तासात काम संपवले, तेव्हा कुठे ते जमले.

त्यानंतर मी गोंद्री यांचे व्हिडिओ सावल्यांकडे बघत पाहू लागलो, आणि माझ्या मते प्रत्येक अभ्यासकाने एकदा तसे पाहावे. दृश्यातली कोणती गोष्ट तालाने बांधलेली आहे आणि कोणती सुटी सोडली आहे, हे तिथे कळते. 'स्टार गिटार'साठी दक्षिण फ्रान्समधल्या नीम ते व्हॅलांस या मार्गावर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी दहा वेळा चित्रण केले होते, प्रकाशाच्या वेगवेगळ्या छटा मिळाव्यात म्हणून. म्हणजे मी जो प्रकाशाचा बदल दोष म्हणून पुसू पाहत होतो, तो त्यांनी मुद्दाम गोळा केला होता. इमारती ठेक्याने परत येतात, पण त्यांच्यावरचा उजेड पुढे सरकत जातो. कायलीच्या व्हिडिओत याच्या उलट. तिथे कॅमेऱ्याची हालचाल यंत्राने ठरवून दिलेली असते, तो प्रत्येक वेळी अगदी तसाच फिरतो, प्रत्येक फेरी वेगळी चित्रित करून एकावर एक बसवलेली असते, आणि त्यासाठी उजेड जितका एकसारखा राहील तितका बरा. एकच दिग्दर्शक, एकच वर्ष, तरी काळाशी वागण्याच्या दोन वेगळ्या रीती. 'शुगर वॉटर'चे कोडेही मला इथेच सुटल्यासारखे वाटते. तिथे काळ साचत नाही किंवा झिजत नाही, कारण तो दोन्ही दिशांनी एकदम चालला आहे. आपल्याकडचे खाडीचे मुख पाहा, भरतीला पाणी आत चढत असते तेव्हा वरून नदी बाहेर येतच असते. त्याला तिसऱ्या रकान्यात वेगळी ओळ द्यावी, ओढूनताणून बसवू नये.

आता पद्धत. मी पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून पाहतो आणि कागदावर फक्त हे लिहितो की, कोणती वस्तू किती वेळा परत आली. दुसऱ्यांदा चित्र झाकून फक्त गाणे ऐकतो आणि आठ-आठ मात्रांची घरे आखून कोणते वाद्य कुठे येते, कुठे थांबते ते मांडतो. मग दोन्ही कागद शेजारी ठेवतो. जिथे वस्तू आणि वाद्य जुळतात तिथे शैली सापडते, हे सगळेच सांगतील. मला जास्त मोलाच्या वाटतात त्या न जुळणाऱ्या जागा. एखादे वाद्य थांबले तरी वस्तू तिथेच राहिली, किंवा गाणे तेच असताना उजेड बदलला, तर तिथे दिग्दर्शकाने गाण्याच्या पलीकडचे काहीतरी स्वतःहून घातलेले असते. या पद्धतीने एक व्हिडिओ नीट पाहायला मला साधारण दोन संध्याकाळी लागतात. वीस व्हिडिओंचे तसे करू नका, तीनच घ्या.

गलबत (अलिबाग)

चर्चा फार चांगली चालली आहे, म्हणून थोडक्यात एकच गोष्ट जोडतो. दिग्दर्शकाची शैली म्हणताना दुसऱ्यांचे श्रेय त्याच्या खात्यावर जमा होऊ नये. 'अराउंड द वर्ल्ड'चे नृत्य ब्लांका ली या नृत्यदिग्दर्शिकेचे आहे. 'लाइक अ रोलिंग स्टोन' (१९९५) मध्ये स्थिर छायाचित्रांमधून वाहत जाणारी जी दृश्ये आहेत त्यांमागे बफ या फ्रेंच कंपनीचे काम आहे. व्हाइट स्ट्राइप्सच्या व्हिडिओंतले लाल, पांढरा आणि काळा हे रंग गोंद्री यांचे नसून त्या बँडचेच आहेत, ते दोघे वादक सगळीकडे तेच रंग वापरत. आपल्या दुसऱ्या रकान्यात जर 'लाल-पांढरा-काळा: आवडते रंग' अशी नोंद असेल तर ती खोडावी लागेल.

शैली ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे शेजारी दुसरा दिग्दर्शक ठेवणे. तरसेम सिंग यांनी आर. ई. एम. या बँडसाठी केलेला 'लूझिंग माय रिलिजन' (१९९१) दाखवा. जालंधरला जन्मलेल्या या दिग्दर्शकाची चौकट चित्रकलेतून येते, काराव्हाज्जिओच्या चित्रांसारखा अंधारातून उजळलेला देह, थबकलेली मुद्रा, पंख असलेला म्हातारा. तिथे ठेका मोजायला गेलात तर हाती काही लागणार नाही, कारण ते चित्र गाण्याच्या समोर उभे आहे, गाण्याच्या आत शिरलेले नाही. पाच मिनिटांत मुलांना फरक दिसेल. आणि एक ध्यानात ठेवा की, २००३ मध्ये गोंद्री यांच्या व्हिडिओंचा जो डीव्हीडी संग्रह आला, त्यामुळे आपण सगळे साधारण त्याच आधीच्या दशकाविषयी बोलतो. त्यांचे नंतरचे काम पाहिले तर आपली काही विधाने मऊ करावी लागतील.

सड्यावरून (रत्नागिरी)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, की बैठकीचा आराखडाच बदलला आहे. 'लाल-पांढरा-काळा' अशी नोंद माझ्या वहीत खरोखरच होती, ती खोडली. वीस व्हिडिओंऐवजी तीनच घेतो: 'कम इन्टू माय वर्ल्ड', 'बॅचलरेट' आणि 'स्टार गिटार'. मध्ये तरसेम सिंग यांचा एक. 'शुगर वॉटर' वेळ उरला तरच.

परवा कुडाळहून परतताना कान मोकळे ठेवून खिडकीशी बसलो आणि फक्त नोंदी केल्या. कणकवली ते राजापूर रोड या टप्प्यात बोगदे, तोडलेल्या जांभ्याच्या भिंती, भातखाचरे आणि पुन्हा भिंती हा क्रम वारंवार येतो, पण दर वेळी भिंत वेगळ्या उंचीची असते आणि उजेड उतरत गेलेला असतो. आजवर मी हे खांबांशी जुळवू पाहत होतो म्हणून मला मोडलेले वाटत होते. भरती-ओहोटी यांचा प्रतिसाद वाचल्यावर 'स्टार गिटार'मध्ये मी इमारती मोजायचे सोडून आकाश पाहिले, आणि पहिल्यांदा असे जाणवले की, तो व्हिडिओ एका दुपारचा नसून अनेक दिवसांची एक दुपार आहे. पडवी यांचा साचण्याचा शब्द तिथे बसतो, मृदंगमणी यांचा ठोकाही बसतो.

एक शेवटची विनंती. बैठकीत मुलांना आठ मात्रांची घरे आखून द्यायची आहेत आणि सुपाऱ्या मांडून 'स्टार गिटार'चा पहिला मिनिट रचायला सांगायचे आहे. मृदंगमणी, आपण सुरुवात कोणत्या वाद्याने कराल, ड्रमने की त्या मागच्या लांब सुराने? लांब सुरासाठी सुपारी चालणार नाही असे वाटते, तिथे दोरा ठेवावा का?

मृदंगमणी (कुडाळ)

दोराच ठेवा, आणि तो आधी अंथरा. सुपाऱ्या त्याच्यावर मांडा, म्हणजे मुलांना दिसेल की ठोके त्या सुराच्या अंगावर पडत आहेत. सुपाऱ्या उचलताना मात्र एक आवर्तन झाल्यावर पहिल्या घरातल्या तशाच राहू द्या आणि दुसऱ्या आवर्तनाच्या त्यांच्या शेजारी मांडा. रविवारी कुडाळहून सकाळची गाडी मिळाली तर मी मृदंग घेऊन येतो.